बजेट फोन घेताना कंपनीही बदलताय? मग आधी हे तपासा

दहा ते वीस हजारांच्या फोनबद्दल कंपनीचं नाव फार थोडं सांगतं. एकाच कंपनीच्या साठ हजारांच्या आणि बारा हजारांच्या फोनमध्ये चिप वेगळी, स्क्रीन वेगळी आणि अपडेट किती वर्षं मिळणार हेही वेगळं. शेजाऱ्याचा महागडा फोन पाच वर्षं छान चालला म्हणून त्याच कंपनीचा स्वस्त फोनही चालेल, असं धरून चालू नका. नावाला किंमत आहे ती दुसऱ्या कारणांसाठी. कंपनी बदलली की सर्व्हिस सेंटर बदलतं, सॉफ्टवेअरच्या सवयी बदलतात, चार्जर बदलतो आणि जुना डेटा आणण्याची वाट बदलते. मेगापिक्सेल आणि गिगाहर्ट्‌झ मोजण्याआधी या चार गोष्टींचा निकाल लावला, तर निवड बरीच सोपी होते.

पहिली पायरी: जुन्या फोनची तक्रार नेमकी काय आहे?

‘फोन स्लो झालाय’ ही तक्रार नाही, लक्षण आहे. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून बघा. ९० टक्क्यांच्या पुढे भरलं असेल तर कोणत्याही कंपनीचा फोन रखडतो, कारण नवीन माहिती लिहायला मोकळी जागा शोधण्यातच त्याचा वेळ जातो. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ आणि नको असलेली ॲप्स काढून २०-२५ टक्के जागा मोकळी करा, फोन रिस्टार्ट करा आणि दोन दिवस वापरून बघा. अनेकदा खरेदी वर्षभर पुढे ढकलता येते.

बॅटरी दुपारीच संपते, १५-२० टक्क्यांवर फोन अचानक बंद पडतो, अशी तक्रार असेल तर ती बॅटरीच्या वयाची आहे. दोन-तीन वर्षांच्या वापरानंतर क्षमता घटतेच. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलण्याचा खर्च विचारून घ्या. फोनला सुरक्षा अपडेट अजून येत असतील तर हा सौदा नव्या फोनपेक्षा परवडतो. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर मात्र फोन वापरायचा आणि चार्जिंगला लावायचा थांबवा.

कॉल तुटतात, घरात रेंज नाही, ही तक्रार बहुधा टॉवरची असते. तेच सिम घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या फोनमध्ये घालून बघा. तिथेही रेंज नसेल तर फोन बदलून काही मिळणार नाही.

जाहिराती, नको त्या सूचना, अपडेट बंद होणं, सर्व्हिस सेंटरचा वाईट अनुभव: या तक्रारी असतील तर कंपनी बदलण्यात अर्थ आहे.

दुसरी पायरी: कंपनी बदलल्यावर हातून काय जातं?

हा भाग बहुतेक जण खरेदीनंतर शिकतात, म्हणून इथे जरा थांबू.

आधी हे बघा की तुम्ही खरंच काही बदलताय का. रेडमी आणि पोको ही शाओमीचीच नावं आहेत आणि दोन्हींवर हायपरओएस (आधीचं एमआययूआय) हे सॉफ्टवेअर असतं. रिअलमी यूआय हे ओप्पोच्या कलरओएसवर बेतलेलं आहे. विवो आणि आयक्यू (iQOO) यांचंही तसंच. रेडमीच्या जाहिरातींना कंटाळून पोको घेतला तर डब्याचा रंग तेवढा बदलतो. सॅमसंगचं वन यूआय, मोटोरोलाचं हॅलो यूआय, नथिंग आणि त्याचा स्वस्त ब्रँड सीएमएफ यांचं नथिंग ओएस, लावाचं जवळपास साधं अँड्रॉइड, ही खरी वेगळी घरं.

कॉल रेकॉर्डिंग हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा विषय. मोटोरोला, नथिंग आणि शाओमीच्या बहुतेक फोनमध्ये गूगलचं फोन ॲप असतं. त्यात रेकॉर्डिंग सुरू होताच समोरच्यालाही ऐकू जाईल अशी घोषणा होते. सॅमसंगचं स्वतःचं डायलर भारतात घोषणेशिवाय रेकॉर्ड करतं. धंद्यासाठी रेकॉर्डिंग लागत असेल तर दुकानातला डेमो फोन हातात घेऊन एक कॉल लावून बघा. ऐकीव माहितीवर जाऊ नका, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत फरक सापडतो.

इन्फ्रारेड, म्हणजे टीव्ही आणि एसीचा रिमोट म्हणून फोन वापरण्याची सोय, शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये असते. सॅमसंग आणि मोटोरोलाच्या बजेट फोनमध्ये ती शोधू नका. हेडफोनचं गोल भोक, एफएम रेडिओ आणि मेमरी कार्डाचा खण या तीन गोष्टीही गृहीत धरण्यासारख्या राहिलेल्या नाहीत. कार्डाचा खण असला तरी तो हायब्रिड आहे का ते पाहा. हायब्रिड असेल तर दोन सिम किंवा एक सिम आणि कार्ड, असा पर्याय असतो. तिन्ही एकत्र बसत नाहीत.

कार्डाबद्दल आणखी एक. जुन्या फोनमध्ये कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर ते त्याच फोनच्या किल्लीने बंद केलेलं असतं. नव्या फोनमध्ये ते वाचता येत नाही आणि फोन फॉरमॅट करायला सांगतो. आधी आतले फोटो बाहेर काढा.

चार्जरचा घोटाळा याहून मोठा. ओप्पो, रिअलमी आणि वनप्लस यांचं सुपरवूक, विवोचं फ्लॅशचार्ज, शाओमीचं स्वतःचं तंत्र, या सगळ्या वेगळ्या पद्धती आहेत. यूएसबी-सीचं टोक सारखं दिसतं म्हणून वेग सारखा मिळत नाही. ८० वॅटचा सुपरवूक चार्जर सॅमसंगच्या फोनला लावला तर बहुतेकदा १० ते १८ वॅटच मिळतात. फोनला धोका नाही, पण तासाभराचं काम दोन-अडीच तासांवर जातं. सॅमसंग यूएसबी पॉवर डिलिव्हरी (पीडी) आणि त्यातला पीपीएस हा खुला प्रकार वापरतो, त्यामुळे दुसऱ्या चांगल्या कंपनीचा पीडी-पीपीएस चार्जरही चालतो. अडचण अशी की सॅमसंगच्या बजेट फोनच्या डब्यात चार्जर मिळत नाही. किमतीची तुलना करताना हजार-दीड हजार त्यात मिळवा आणि मगच ‘स्वस्त’ म्हणा.

जाहिराती आणि झोपणारी ॲप्स

बजेट फोनवर कंपनीचा नफा हार्डवेअरवर कमी असतो, म्हणून आधीच भरलेली ॲप्स आणि सूचना ही तिची कमाई. जवळपास सगळेच हे करतात, कमी-जास्त एवढाच फरक. सुटकाही बऱ्यापैकी करता येते. शाओमी घराण्यातल्या फोनमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘ऑथरायझेशन’ टाइप करा, मिळालेल्या यादीत ‘एमएसए’ बंद करा. इंटरनेट चालू लागतं, दहा सेकंद थांबावं लागतं आणि पहिल्या प्रयत्नात बहुधा नकार येतो, दोन-तीनदा करा. लॉक स्क्रीनवर रोज नवी चित्रं आणि बातम्या येत असतील तर ते ‘ग्लान्स’ आहे, लॉक स्क्रीनच्या सेटिंगमधून बंद होतं. सॅमसंगच्या ए, एम आणि एफ मालिकेत ‘ॲपक्लाउड’ नावाचं ॲप सापडलं तर ते निष्क्रिय करा. फोन पहिल्यांदा सुरू करताना ‘सुचवलेली ॲप्स’ ही पाटी आली की सगळ्या खुणा काढून पुढे जा. घाईत ‘नेक्स्ट’ दाबत गेलं की वीस गेम उतरतात.

दुसरी सवय जास्त त्रासाची. बॅटरी वाचवण्यासाठी काही कंपन्या मागे चालणारी ॲप्स निर्दयपणे बंद करतात. मग व्हॉट्सॲपचे संदेश ॲप उघडल्यावरच धडाधड येतात, गजर चुकतो, पावलं मोजणाऱ्या पट्ट्याचा फोनशी संपर्क तुटतो. फोन बिघडलेला नसतो. शाओमीत त्या ॲपच्या माहितीपानावर ‘ऑटोस्टार्ट’ चालू करून बॅटरीला ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ द्या. रिअलमी-ओप्पोत बॅटरीच्या पानावर ‘ऑटो लाँच’ आणि ‘बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी’ या दोन्हींना परवानगी द्या. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘नेव्हर स्लीपिंग ॲप्स’ ही यादी आहे, त्यात ते ॲप घाला. व्हॉट्सॲप, ईमेल, घड्याळाचं ॲप आणि घरच्यांचं लोकेशन दाखवणारं ॲप एवढ्यांना पुरे. सगळ्यांनाच मोकळीक दिली तर बॅटरी उताणी पडते.

तिसरी पायरी: सर्व्हिस सेंटर आणि अपडेट

कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन तुमचा पिनकोड टाका. सर्वात जवळचं अधिकृत सेंटर किती किलोमीटरवर आहे ते बघा आणि तिथे फोन करा. ‘या मॉडेलची स्क्रीन तुमच्याकडे असते का, की मागवावी लागते?’ एवढा एकच प्रश्न विचारा. पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्याला पर्याय भरपूर आहेत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला जिल्ह्याला दोन खेपा पडणार असतील, तर हजार रुपये स्वस्त पडलेला फोन पहिल्याच बिघाडात महाग पडतो.

मग स्क्रीनची किंमत. सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांच्या संकेतस्थळांवर सुट्या भागांचे दर दिलेले असतात. ॲमोलेड स्क्रीन एलसीडीपेक्षा बरीच महाग असते आणि वक्र कडांची त्याहून महाग. स्क्रीनचा दर फोनच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल आणि घरात लहान मूल असेल, तर एलसीडी किंवा सपाट स्क्रीनचा फोन बरा. ॲमोलेडवर कधीकधी उभी हिरवी किंवा गुलाबी रेष कायमची उमटते. हा पॅनेलचा दोष असतो आणि वॉरंटी संपल्यावर आला तर बदलाचा खर्च अंगावर येऊ शकतो. काही कंपन्यांनी काही मॉडेलांची स्क्रीन वॉरंटीनंतरही फुकट बदलून दिली आहे, म्हणून असं झालं तर खर्चाला मान्यता देण्याआधी सेंटरवर तशी योजना आहे का ते विचारा.

अपडेटचं आश्वासन दोन भागांत असतं: अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा अपडेट. बँकेचं ॲप वापरणाऱ्यासाठी दुसरं जास्त मोलाचं. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दीड वर्षापूर्वीचा फोन सेलमध्ये स्वस्त मिळतो तेव्हा त्यातली दीड वर्षं आधीच खर्च झालेली असतात.

हिशेब असा करा. १४,००० रुपयांचा फोन, तीन वर्षांची सुरक्षा अपडेट, बाजारात येऊन एक वर्ष झालं: उरली दोन वर्षं, म्हणजे वर्षाला ७,००० रुपये. १७,००० रुपयांचा फोन, सहा वर्षांचं आश्वासन, नुकताच आलेला: बजेट फोनचं हार्डवेअर सहा वर्षं सुखाने चालत नाही म्हणून चारच धरा, तरी वर्षाला ४,२५० रुपये. उदाहरणादाखल, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी ए१६ ५जीला सहा वर्षांचं आश्वासन आहे, पण चिप डायमेन्सिटी ६३०० ही मध्यम कुवतीची आहे. अपडेट संपण्याच्या आधी फोन थकणार, तरीही शेवटपर्यंत सुरक्षित राहील. सीएमएफ फोन २ प्रोला तीन अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षांची सुरक्षा अपडेट कबूल केली आहेत. मोटोरोलाची ‘जी’ (G) मालिका वापरायला स्वच्छ, पण आवृत्त्यांच्या बाबतीत हात आखडता.

कंपनी स्मार्टफोनच्या धंद्यात राहील का, हाही प्रश्न गैरलागू नाही. एलजीसारख्या मोठ्या कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये स्मार्टफोन बंद केल्याचं जाहीर केलं होतं.

चौथी पायरी: तुमच्या सिमला तो फोन चालतो का?

डब्यावर ‘५जी’ लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका. जिओचं ५जी स्टँडअलोन (एसए), म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं आहे. एअरटेलने सुरुवातच नॉन-स्टँडअलोन (एनएसए), म्हणजे ४जीच्या जाळ्यावर टेकलेल्या प्रकाराने केली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला रेडमी ए४ ५जी फक्त एसए चालवतो, त्यामुळे एअरटेलच्या एनएसए जाळ्यावर त्याला ५जी मिळत नाही, ४जीवर समाधान मानावं लागतं. अगदी स्वस्त ५जी फोन घेताना माहितीपत्रकात ‘एसए/एनएसए’ असे दोन्ही शब्द शोधा.

बँड, म्हणजे नेटवर्क ज्या लहरींवर चालतं ते पट्टे: त्यांत एन७८ सर्वांनाच लागतो. जिओसाठी एन२८ (७०० मेगाहर्ट्‌झ) असणं फायद्याचं, कारण कमी वारंवारितेची लहर लांब जाते आणि भिंतीही जास्त भेदते. वाडी-वस्तीवर आणि जाड भिंतींच्या घरात हा फरक जाणवतो. बीएसएनएलचं ४जी वापरणार असाल तर ४जीच्या यादीत बँड २८ आणि बँड १ आहेत का बघा. परदेशातून कोणी आणून दिलेला फोन असेल तर ही तपासणी सोडूच नका. नाव तेच असलं तरी बँड वेगळे असू शकतात आणि भारतात वॉरंटी बहुधा मिळत नाही.

एसएआर, म्हणजे फोनच्या रेडिओलहरी शरीर किती शोषतं त्याचा आकडा, *#०७# दाबून बघता येतो. भारतात मर्यादा किलोला १.६ वॅट आहे आणि अधिकृतपणे विकला जाणारा प्रत्येक फोन तिच्या आतच असावा लागतो. दोन फोनांत निवड करायला हा आकडा कामाचा नाही.

पाचवी पायरी: आतलं सामान

स्टोरेजपासून सुरुवात करा. १२८ जीबी हे किमान. ६४ जीबीच्या फोनमध्ये २० जीबीच्या आसपास जागा यंत्रणाच खाते. त्याहून महत्त्वाचा प्रकार. ईएमएमसी ५.१ हा जुना, कागदावर सेकंदाला ४०० एमबीपर्यंत आणि एका वेळी एकतर वाचणारा नाहीतर लिहिणारा. यूएफएस २.२ कागदावर १,२०० एमबीपर्यंत जातो आणि दोन्ही कामं एकत्र करतो. मागे ॲप अपडेट होत असताना फोन गुदमरतो की नाही, हे बऱ्याच अंशी यावर ठरतं. माहितीपत्रकात प्रकार लिहिलेलाच नसेल तर ईएमएमसी आहे असं समजा. यूएफएस असता तर कंपनीने ठळक छापलं असतं.

रॅम ६ जीबी चालेल, तीन-चार वर्षं काढायची असतील तर ८ घ्या. ‘८ अधिक ८, एकूण १६ जीबी’ यातली दुसरी आठ ही स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा आहे. ती रॅमच्या वेगाने चालत नाही, ईएमएमसीच्या फोनवर तर उलट अडथळाच होते. सेटिंगमध्ये जाऊन बंद केली तरी काही बिघडत नाही.

चिपच्या नावावर भुलू नका. आकडा नवा म्हणजे चिप नवी असं नसतं. स्नॅपड्रॅगन ६एस जेन ३ मुळात जुन्या ६९५च्याच कुळातली आहे. आत काय आहे ते पाहायचं तर ताकदवान कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, मोजा. डायमेन्सिटी ६३०० मध्ये दोन ताकदवान ए७६ आणि सहा छोटे ए५५ कोअर आहेत. डायमेन्सिटी ७३०० मध्ये चार ए७८ आणि चार ए५५, शिवाय ती ४ नॅनोमीटरवर बनते, म्हणजे तेवढ्याच कामाला कमी तापते. विदर्भातल्या उन्हाळ्यात दुचाकीवर नकाशा लावून फोन वापरणाऱ्याला हा फरक लगेच कळतो: तापलेला फोन स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि वेगही कमी करतो. कॉल, व्हॉट्सॲप, यूट्यूब एवढंच असेल तर ६३०० पुरते.

स्क्रीनमध्ये रिझोल्यूशन आधी बघा. ६.७ इंचांवर ७२० बाय १६०० असेल तर इंचाला सुमारे २६० ठिपके पडतात, १०८० बाय २४०० असेल तर ३९०च्या वर. देवनागरीतले छोटे अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं पहिल्या स्क्रीनवर पुसट दिसतात. फोनवर वर्तमानपत्र वाचणाऱ्या आईवडिलांसाठी घेत असाल तर स्क्रीन गुळगुळीत सरकवणाऱ्या १२० हर्ट्‌झपेक्षा हे मोलाचं. उजेडासाठी ‘पीक’ निट्स (निट्स हे उजेडाचं माप) सोडून द्या, ‘हाय ब्राइटनेस मोड’चा आकडा शोधा, ८००-१०००च्या आसपास असेल तर उन्हात वाचता येतं.

कॅमेऱ्याचा विषय लवकर संपतो. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो आणि डेप्थ हे संख्या वाढवायला लावलेले असतात, ते मोजूच नका. मुख्य ५० मेगापिक्सेलचा कॅमेराही चार ठिपके एकत्र करून सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, आहे का एवढं बघा. संध्याकाळचे फोटो त्यानेच सुधारतात.

जिथे कंपन्या गुपचूप काटकसर करतात ती जागा म्हणजे सेन्सर. मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्र नसेल तर गूगल मॅप्समध्ये तुम्ही कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहात ते कळत नाही, चालायला लागल्यावरच बाण वळतो. प्रॉक्सिमिटी, म्हणजे फोन कानाला लावल्यावर स्क्रीन बंद करणारा सेन्सर ‘व्हर्च्युअल’ असेल तर कॉल चालू असताना कधीकधी गालाने बटणं दाबली जातात, कॉल म्यूट होतो नाहीतर होल्डवर जातो.

वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणारं गूगलचं कुलूप, त्याची पातळी एल१ हवी. एल३ असेल तर स्क्रीन कितीही चांगली असो, नेटफ्लिक्स एचडीत दिसत नाही. नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंगमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघडलं की पातळी दिसते.

आयपी६४ म्हणजे धूळ आणि उडणारं पाणी यांपासून संरक्षण. कोकणातल्या पावसात खिशात ठेवायला ठीक, पण पाण्यात बुडवायला नाही. रेटिंग कोणतंही असो, पाणी आत गेलं तर वॉरंटीत बहुधा दुरुस्ती होत नाही. तेव्हा रेटिंगच्या जोरावर नदीत उतरू नका.

सहावी पायरी: पैसे देताना

‘नो कॉस्ट ईएमआय’त व्याजाएवढी सूट आधी दिली जाते, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खात्यातून जाते. १५,००० रुपयांचा फोन १६ टक्क्यांनी सहा महिन्यांवर घेतला तर व्याज सुमारे ७०० रुपये, त्यावर जीएसटी १२६ आणि फी १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे ‘शून्य खर्चा’चे साधारण ३६० रुपये झाले. मोठी रक्कम नाही, पण रोखीच्या भावाशी तुलना करताना धरा.

जुन्या फोनची एक्सचेंज किंमत घरी आलेल्या माणसाने फोन तपासल्यावर बदलू शकते. स्क्रीनवरचा ओरखडा ऑर्डर देतानाच खरा लिहा, म्हणजे दारात वाद होत नाही. डेटा हलवायला जुना फोन आठवडाभर हाताशी लागतो, त्यामुळे कंपनी बदलताना एक्सचेंजपेक्षा नंतर वेगळा विकणं सोयीचं.

ओपन बॉक्स (डबा उघडलेला) किंवा वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक बघा, डब्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. मग ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. ब्लॅकलिस्टमध्ये किंवा दुसरीकडे वापरात असल्याचं उत्तर आलं तर सौदा तिथेच सोडा.

सातवी पायरी: पहिला आठवडा

डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा, सीलपासून फोन सुरू होईपर्यंत. बदलून देण्याची मुदत अनेक ठिकाणी सातच दिवसांची असते आणि त्यासाठीही सर्व्हिस सेंटरचा दाखला मागतात, म्हणून तपासणी पहिल्या दोन दिवसांत उरका. सॅमसंगमध्ये *#०*#, शाओमीत *#*#६४८४#*#*, रिअलमी-ओप्पोत *#८९९# दाबलं की तपासणीचा मेनू उघडतो. स्क्रीन पूर्ण लाल, हिरवी, निळी, पांढरी करून मेलेले ठिपके शोधा. अंधाऱ्या खोलीत गडद राखाडी रंगावर डाग दिसतात का बघा. दोन्ही सिमखण, दोन्ही बाजूंचा आवाज, माइक, फिंगरप्रिंट, चार्जिंगचा वेग आणि जीपीएस तपासा. स्पीकरवर दहा मिनिटांचा कॉल करा. प्रॉक्सिमिटीचा दोष मात्र अशाने कळत नाही, त्यासाठी कानाला लावून पाच मिनिटं बोलावं लागतं.

पहिले दोन-तीन दिवस बॅटरी लवकर उतरली तर घाबरू नका. फोटोंची छाननी आणि ॲप्सची जुळवाजुळव मागे चालू असते. आठवड्यानंतरही तसंच असेल तर तक्रार करा.

आठवी पायरी: डेटा हलवण्याचा क्रम

आधी संपर्क. जुन्या फोनमध्ये ते गूगल खात्यात आहेत की ‘फोन’, सॅमसंग किंवा शाओमी खात्यात, ते बघा. गूगलबाहेरचे असतील तर संपर्क ॲपमधून एक्सपोर्ट करून व्हीसीएफ फाइल काढा आणि गूगलमध्ये इम्पोर्ट करा.

मग लपवलेल्या गोष्टी. सॅमसंगचं सिक्युअर फोल्डर, शाओमीचा लपवलेला अल्बम आणि सेकंड स्पेस, विवो-ओप्पोची सेफ, यांतलं काहीही दुसऱ्या कंपनीच्या फोनमध्ये आपोआप जात नाही. आधी ते बाहेर, साध्या गॅलरीत काढा. कंपनीच्या नोट्स ॲपमधला मजकूर पीडीएफ किंवा टेक्स्ट करून ठेवा. कॉल रेकॉर्डिंगचं फोल्डर हाताने कॉपी करा. ड्युअल ॲपमध्ये दुसरं व्हॉट्सॲप असेल तर त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

बाकीचं हलवायला नव्या फोनच्या कंपनीचं साधन वापरा: सॅमसंगला स्मार्ट स्विच, विवोला इझीशेअर, ओप्पो-रिअलमी-वनप्लसला क्लोन फोन. मोटोरोला आणि नथिंगमध्ये पहिल्यांदा सुरू करतानाच गूगलची कॉपी करण्याची सोय येते. तेव्हा ‘नंतर’ म्हणालात तर ती पुन्हा शोधणं कटकटीचं होतं.

व्हॉट्सॲप शेवटी आणि वेगळं. ड्राइव्हवरचा बॅकअप आता गूगलच्या १५ जीबीमध्ये मोजला जातो, जागा संपलेली असेल तर तो अर्धवट राहतो. त्यापेक्षा जुन्या फोनमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, मग ‘ट्रान्सफर चॅट्स’ उघडा, नव्या फोनमध्ये तोच नंबर टाका आणि क्यूआर कोड जुळवा. दोन्हींवर वायफाय आणि लोकेशन चालू हवं, दोन्ही फोन शेजारी हवेत आणि बॅटरी भरलेली हवी. बॅकअपला पासवर्ड लावला होता आणि तो विसरलात, तर व्हॉट्सॲपही तो उघडून देऊ शकत नाही.

यूपीआय आणि बँकेची ॲप्स सिमवरून एसएमएस पाठवून पडताळणी करतात. बँकेला जोडलेल्या सिममध्ये बाहेर एसएमएस जाईल असा रिचार्ज हवा आणि दोन सिम असतील तर त्या वेळी तेच सिम एसएमएससाठी निवडलेलं हवं. ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’चं कारण दहापैकी नऊ वेळा यातलंच असतं. नव्या फोनवर पहिले २४ तास यूपीआयची मर्यादा बहुतेक ठिकाणी ५,००० रुपयांची असते. लग्नाच्या खरेदीच्या किंवा प्रवासाच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका.

जुना फोन किमान आठवडाभर तसाच ठेवा. नंतर आधी गूगल खातं आणि कंपनीचं खातं सेटिंग्जमधून काढा, स्क्रीन लॉक काढा, मगच सेटिंग्जमधून फॅक्टरी रिसेट करा. खातं न काढता बटणं दाबून रिसेट केला तर फोन घेणाऱ्याला तुमचा गूगल पासवर्ड मागत राहतो. रिसेट झाल्यावर फोन सुरू करून पहिल्या स्वागताच्या पानापलीकडे एकदा जाऊन बघा. जुन्या खात्याची विचारणा झाली नाही तरच तो दुसऱ्याच्या हातात द्या.